तीनदा डावीकडे

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हा दोघांना स्पेनची तिकिटं काढून दिली, आणि वर सेव्हिल शहर सायकलवरून बघायची सहलही बुक केली. "ममा, इट्स सो ईझी. फ्लॅट रोड, स्लो स्पीड," ती म्हणाली. मी "अरे वा" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मला सायकल येत नव्हती.

गोची अशी की मला सायकल येते, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होतं. वसईला सासरची मंडळी मला बघायला आली तेव्हा बाबांनी ठणकावून सांगितलं होतं, "मुलगी सायकलने बाजार करून येते." सायकल बाजारात जायची, एवढं खरं. हँडलला पिशव्या अडकवून मी तिच्या शेजारून चालत यायचे. लग्नानंतर आम्ही कतारला आलो, आणि इथे कोण सायकल मागतंय? कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी लोक गाडी काढतात. बाबांची थाप इथे सुखाने नांदली.

मी गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. पण नवऱ्याला पोहता येत नाही. अल खोरच्या समुद्रावर गेलो की तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहतो, आणि मी चारचौघांत म्हणते, "समुद्रकाठी वाढलेला माणूस हा. मला निदान सायकल तरी येते." पंचवीस वर्षं म्हणतेय. आता पितळ उघडं पडलं तर त्याला चिडवायचा माझा हक्कच जाणार होता, आणि तो मला दागिन्यांपेक्षा प्यारा आहे.

म्हणून मी चोरून शिकले. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधली मोठी मिस्साही शुक्रवारी. नवरा कॉयरमध्ये गातो, त्यामुळे सकाळी लवकर निघतो. तो गेला की मी मुलीची जुनी गुलाबी सायकल काढायचे. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत आम्ही राहतो, तिथे आमच्या कंपाउंडमध्ये मधोमध पाण्याची टाकी आहे, तिच्याभोवती गाड्यांचा रस्ता, आणि रस्त्यावर डावीकडे वळणारे पांढरे बाण. मी पडले, खरचटलं, एकदा कोणाच्या तरी लँड क्रूझरला मिठी मारली, पण शिकले. फक्त उलटी फेरी मारायला गेले की वॉचमन शिट्टी वाजवायचा. "मॅडम, वन वे है."

"भय्या, सायकल है."

"चक्का तो है ना."

आता त्याच्याशी कोण हुज्जत घालणार. पूर्ण हिवाळाभर मी बाणाप्रमाणे डावीकडे वळत राहिले.

सेव्हिलला आम्ही आठ जण होतो. गाइड पोरगी हसतमुख. नदीकाठाने निघालो, रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं. मी राणीसारखी चालले होते. नवरा शेवटी राहिला, म्हणे मी मागून लक्ष ठेवतो. मग गाइडने उजवा हात बाहेर काढला आणि सगळे उजवीकडे वळले. माझ्या सायकलने साफ नकार दिला. हात वळेना, अंग वळेना. मी सरळ पुढे गेले. पण डोकं चालत होतं. पुढच्या गल्लीत डावीकडे वळले, मग पुन्हा डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि बरोब्बर आमच्या लोकांच्या मागे येऊन पोचले. नवरा मुकाट्याने पाठोपाठ आला. "दुकानं बघत होते," मी म्हटलं.

दुसऱ्यांदाही जमलं. तिसऱ्यांदा मोठ्या चर्चच्या मागे जुन्या वस्तीत शिरलो आणि माझी दांडी गुल झाली. त्या गल्ल्या ज्याने बांधल्या त्याने चौकोन पाहिलाच नसावा. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, आणि समोर तेच पांढरं घर, तोच लाल फुलांचा गॅलरीतला कुंडा. चौथ्या वेळी त्या गॅलरीतल्या बाईने हात केला. मी उतरले. घाम फुटला होता आणि रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

"तुला सायकल येत नाही," नवरा म्हणाला.

"येते. डावीकडे येते."

तो पायरीवर बसला आणि पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "लग्नाआधी मी तुला बाजाराच्या रस्त्यावर बघितलं होतं. तीन वेळा. दर वेळी सायकल धरून चालत होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझे बाबा इतक्या ठसक्यात सांगत होते. आणि मला तीच मुलगी हवी होती."

"आणि पोहण्यावरून मी इतकी वर्षं बोलत होते तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू बोलायची थांबली असतीस," तो म्हणाला आणि उठून पँट झटकू लागला. मला त्याचा इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, की मी त्याच्या दंडावर एक चापट मारली.

तेवढ्यात गाइडचा फोन आला. समोरच्या कोपऱ्यावरून उजवीकडे या, आम्ही थांबलोय. नवऱ्याने माझी पर्स आणि पाण्याची बाटली माझ्या हँडलला अडकवली, स्वतःची सायकल हातात धरली, आणि आम्ही दोघं चालत उजवीकडे वळलो.