हौदाच्या पाण्याचा खुलासा

गेल्या डिसेंबरात, एका शनिवारी दुपारी दोन वाजता, मी आणि माझी बायको आमच्याच शहरातल्या एका हॉटेलात राहायला गेलो. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटपासून ते रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. खोली बायकोने घेतली होती. मला निवृत्त होऊन दीड महिना झाला होता आणि मी घरात बसून तिच्या फोडणीत चुका काढतो, अशी तिची तक्रार होती.

हॉटेल म्हणजे गुलमंडीमागच्या गल्लीतले एक जुने घर. त्याचा मालक माझा पूर्वीचा सहकारी. एका दैनिकात आम्ही अकरा वर्षे शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. तो शहरातल्या बातम्या आणायचा, मी त्या तपासायचो. त्याच्या बातमीत अपघातातल्या जखमीचे वय पहिल्या परिच्छेदात चाळीस आणि तिसऱ्यात पंचेचाळीस असायचे. चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा द्यायचा, असा रिवाज होता. त्याच्या बातम्यांचे खुलासे मीच लिहायचो. माझ्या मजकुरावर कधी खुलासा द्यावा लागला नाही. निरोप समारंभात मी हे सांगितले, तेव्हा तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

सासरे वारल्यावर त्याने नोकरी सोडली आणि बायकोच्या माहेरचे हे घर दुरुस्तीला काढले. हे चालणार नाही, असे मी त्याला तेव्हाच सांगितले होते. आम्ही गेलो त्या दिवशी सहाच्या सहा खोल्या भरलेल्या होत्या.

"आओ मियाँ!" तो दारातच म्हणाला. "आधी सांग, किती चुका सापडल्या?"

"अजून एकही नाही."

"भाभी, याची तब्येत बरी नाय. काढा द्या याला."

बायको हसली. ती दिवसभर हसत होती. खोलीला सागवानी छत होते, उशांना इथल्या हिमरू कापडाचे अभ्रे होते. खिडकीतून खाली फरसबंद चौक आणि मधला दगडी हौद दिसत होता. "भाईंनी किती जीव लावून केलंय सगळं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हिंमत लागते."

मी नळ उघडून पाहिला. गळत नव्हता. दार दोनदा लावून पाहिले, कुरकुरले नाही. पलंगाखाली वाकून पाहिले, धूळ नव्हती. हा मत्सर आहे हे मला पलंगाखाली वाकलेलो असतानाच कळले. मी उठलो आणि कपाटाच्या वरची बाजू तपासली.

संध्याकाळी दर्शनी खोलीत घराची माहिती देणारी चौकट दिसली. तिच्यात एक वाक्य होते : 'या घराच्या हौदात आजही जुन्या नहरीचे पाणी येते; कितीही दुष्काळ पडला तरी हा हौद आटलेला नाही.' शहराच्या जुन्या भागाला जमिनीखालून पाणी पुरवणाऱ्या नहरी बहुतेक ठिकाणी कधीच बुजल्या आहेत. मी वाक्य वहीत उतरवून घेतले.

रविवारी सकाळी सव्वासहाला मागच्या गल्लीत इंजिनाचा आवाज आला. मी खिडकीशी गेलो. पाण्याचा टँकर उभा होता. भिंतीवरून आलेला पाइप हौदात सोडलेला होता. हौद भरायला बावीस मिनिटे लागली. ती वेळही मी लिहून घेतली. त्या हॉटेलात आल्यापासून मला पहिल्यांदा भूक लागली.

नाश्ता चौकातच होता. खिचडी, सोबत चिंच-तिळाचा खट्टा. शेजारच्या टेबलांवर पुण्याचे एक जोडपे आणि अजिंठ्याला निघालेले एक कुटुंब होते. मालक आमच्या टेबलाशी आला तेव्हा मी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, विचारले, "ही नहर हल्ली टँकरमधून येते का रे?"

पुण्याच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलेच नाही.

"चौकटीत काय लिहिलंय ते वाचलंस?" त्याने विचारले.

"वाचलं. खोटं आहे. तू अजूनही न तपासता लिहितोस."

"मी नाय लिहिलं ते," तो म्हणाला आणि आत गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातले एक पिवळे पडलेले कात्रण होते. शहरातल्या जुन्या घरांवरचा रविवार पुरवणीतला लेख. वर माझे नाव. दुसऱ्या स्तंभात तेच वाक्य, अर्धविरामासकट.

त्या लेखासाठी मी या घरी आलो होतो, ती दुपार मला आठवली. त्याच्या सासऱ्यांनी मला दिवाणखान्यात बसवले होते, चहा दिला होता आणि हौदाबद्दल सांगितले होते. मी चौकात गेलो नव्हतो.

"तेव्हापण टँकरच येत होता," तो म्हणाला. "बड़े मियाँना लाज वाटायची, म्हणून अंधारात मागवायचे. तू विचारलंस, त्यांनी सांगितलं. तू पाहिलं नाहीस."

"तुला माहीत होतं?"

"जावई होतो की मी घरचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोलायला आलो होतो दुसऱ्या दिवशी. साहेब तुझी पाठ थोपटत होते. तू लई खूश होतास." मग तो बायकोकडे वळला. "हा आवडीचा लेख होता माझा, भाभी. म्हणून ते वाक्य तसंच उचललं. याचं लिहिलेलं कोण तपासणार?"

"भाई, कागद आहे का?" बायकोने विचारले.

त्याने खिशातून बिलाच्या वहीचा एक कोरा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि त्यावर पेन ठेवले.

मी लिहिले : 'या घरातील हौदाला नहरीचे पाणी येत असल्याचे वृत्त अनवधानाने प्रसिद्ध झाले. हौद टँकरने भरला जातो.'

त्याने कागद वाचला. माझ्या हातातून पेन घेऊन 'अनवधानाने' हा शब्द खोडला.

"न पाहता," तो म्हणाला. "तसं लिही."

मी तसे लिहिले आणि खाली सही केली. दुपारी बारा वाजता आम्ही खोली सोडली.

मार्चमध्ये माझी मेहुणी तिथे दोन दिवस राहिली. तिने दर्शनी खोलीचा फोटो पाठवला. जुनी चौकट जागेवर आहे. तिच्याखाली दुसरी, लहान चौकट आहे, तिच्यात खोडलेल्या शब्दासह तो कागद आहे. टँकर अजूनही सकाळी सव्वासहाला येतो, असे तिने फोनवर सांगितले.