नांगर ओढणारा नंजप्पा

नव्वद साल उजाडलं तेव्हा माझी पोस्टिंग श्रीलंकेच्या किनाऱ्यावर होती, शांतिसेनेसाठी गेलेल्या नौदलाच्या एका लँडिंग क्राफ्टवर. मी पेटी ऑफिसर, बंगळूरच्या चिकपेटेतल्या कापडवाल्या मराठी घरातला. नांगर ओढायच्या यंत्रावरचा, म्हणजे विंचवरचा, लीडिंग सीमन नंजप्पा देवनहळ्ळीचा, म्हणजे तोही कोरड्या जमिनीचाच. बाकीचे आम्हाला "विहिरीतले खलाशी" म्हणून चिडवायचे.

आमच्या बोटीचा तळ सपाट. किनारा जवळ आला की मागचा नांगर समुद्रात सोडायचा, बोट सरळ वाळूवर चढवायची आणि पुढचा रॅम्प पाडायचा. काम झालं की विंच नांगराची वायर गुंडाळायचा आणि बोट मागे ओढली जायची. नांगर वर आला की नंजप्पा मागून बोटीतल्या फोनवर मला म्हणायचा, "बंतु, अण्णा." कन्नडमध्ये आला, एवढाच अर्थ. रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा असतो म्हणून मी त्याला कितीदा झापलं, मग नाद सोडला.

एका सकाळी जखमी जवानांना आणायला गेलो. शेवटचं स्ट्रेचर आत आलं, रॅम्प उचलला आणि मागच्या बाजूला मॉर्टरचा गोळा पडला. बोटीचं इंजिन गेलं, विंचचा ब्रेक तुटला. पाणी आत येऊ लागलं. विंचची मोटर तेवढी चालू होती.

बोटीचे कप्तान, आमचे स्किपर, म्हणाले, "हीव्ह." म्हणजे नांगर ओढा.

बोट मागे सरकली. माऱ्याबाहेर आलो आणि मोटरही बंद पडली. वारा किनाऱ्याकडे वाहत होता. नंजप्पाने वायर गुंडाळायच्या ड्रममध्ये पहार अडकवली आणि अंगाचा भार देऊन वायर रोखून धरली. लांब उभ्या असलेल्या आमच्या जहाजाच्या बोटी आल्या. आम्ही जखमींना त्यांत उतरवू लागलो.

मी फोनवर म्हणालो, "नंजप्पा, सोड. वर ये."

"स्वल्प थांबा, अण्णा. सोडलं तर परत किनाऱ्यावर जाऊ."

"ऑर्डर आहे."

"सरी, ठीक आहे. शेवटचा उतरला की सांगा."

शेवटचा जवान उतरला. मी फोनवर सांगितलं. मागे वळून पाहिलं. मागची बाजू पाण्याखाली गेली होती. थोड्या वेळात नंजप्पाला घेऊन सगळी बोटच गेली.

निवृत्तीनंतर देवनहळ्ळीला त्याच्या आईकडे गेलो. शेजारच्या शेतांत लेआउटचे, विकायच्या प्लॉटांचे, दगड रोवले होते. तिने आपलं शेत ठेवलं होतं. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. आधी पाणी घे, म्हणत ती विहिरीवर गेली. काठाच्या दगडाला पाय लावून तिने दोर ओढला. बादली वर आली.

"बंतु," ती स्वतःशीच म्हणाली.

मला रडू आवरलं नाही. तिने बादली काठावर टेकवली. तांब्या भरून माझ्यापुढे धरला.