एकतीस खिशांचा कोट

आमचे हे शिंपी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की टेप न लावता त्याची छाती-कंबर सांगतील. आणि अभिमान तर विचारूच नका. कुणी म्हणालं, "मास्तर, बाही जरा आखूड झाली," की हे बाहीकडे बघत नाहीत, त्या माणसाच्या हाताकडे बघतात. जणू चूक हाताचीच.

गल्लीत मात्र ह्यांना सगळे खिसेमास्तर म्हणतात. त्याचं असं झालं. आमच्या वरच्या मजल्यावरचा गवंडी परदेशी कामाला निघाला. स्वस्तातलं तिकीट, सोबत फक्त सात किलो, वर किलोमागे असा काही दर की ऐकून माणूस जागीच बसावा. तो बिचारा दुकानात येऊन रडकुंडीला आला. ह्यांनी विचारलं, "अंगावरच्या कपड्यांचं वजन करतात का?" तो म्हणाला, "नाही." झालं! ह्यांनी त्याला आतून अठरा खिसे असलेला कोट शिवून दिला. सहा शर्ट, चार पँटी, टॉवेल, सगळं अंगावर घालून गडी पिंपासारखा डुलत विमानात बसला. एक पैसा भरला नाही. त्यानंतर दुकानात तीच रांग. शर्ट शिवून जे नाव झालं नाही ते ह्या खिशांनी झालं.

ह्यांचे दोन नियम होते. एक, खिशात फक्त कापड. डबा नाही, बाटली नाही, पूड तर नाहीच. दुसरा, खिशाचं तोंड हे स्वतः शिवून बंद करणार. एकदा एकाचा मोजा विमानतळावर नेमका वजनकाट्यासमोर खाली पडला आणि त्याची शोभा झाली, तेव्हापासून हे सुरू झालं. टाका असा बारीक, दोरा असा चिवट, की दाताने तुटायचा नाही. पोचल्यावर कात्री मागायची आणि उसवायचं. "माझा टाका वाटेत सुटला तर दुकान बंद करीन," असं म्हणायचे.

आम्हाला एकच लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचो, तेच पडलं. ती परदेशात एका छापखान्यात नोकरीला होती, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. गेल्या वर्षी तिचा फोन आला. हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करायचंय. मी म्हटलं, आम्ही दोघं येतो. तर म्हणते, "आई, पासपोर्ट फक्त बाबांचा आहे. आणि तू आलीस तर रडशील. बाबा नुसते शेजारी बसले तरी मला धीर येतो. मला आत नेण्याआधी ते दिसले पाहिजेत, बस. आणि काही आणू नका म्हणावं. नुसते या."

नुसते या! कोणती आई नुसतं पाठवेल? मी कंबर कसली. मऊ गाऊन, विणलेले मोजे, छातीशी धरायला छोटी उशी, शाल. ह्यांनी स्वतःसाठी कोट बेतला, एकतीस खिशांचा. इतका मोठा आजवर कुणालाच शिवला नव्हता. आणि मी बदाम भाजून, दळून, त्या पुडीच्या सहा पिशव्या भरल्या. ऑपरेशननंतर पोरीच्या अंगात ताकद कुठून येणार?

हे म्हणाले, "पूड नको. नियम आहे."

"गिऱ्हाइकांचे नियम घरात लावू नका," मी म्हटलं. "लेक आहे ती."

"मग बॅगेचे पैसे भरतो, पूड त्या सामानात टाकू."

"त्या लुटारूंना पैसे? सगळ्या जगाला वाचवायला शिकवलंत आणि आपल्यावर आलं की भरता? लोक हसतील. आणि ऐका, ह्यातली एकही वस्तू परत आणायची नाही. सगळं तिच्या हातात द्यायचं."

हे गप्प बसले. माझ्यापुढे हे नेहमीच गप्प बसतात, आणि मला वाटायचं मी जिंकले. मग खाली मान घालून एकतीसच्या एकतीस तोंडं शिवली.

दुपारचं विमान, पहाटे तिकडे उतरणार, ऑपरेशन सकाळी दहाला. हिशोब अगदी बेतशीर. विमान सुटायची वेळ होऊन गेली तसा भिंगरीचा फोन आला. "निघाले का बाबा?"

मी घड्याळ बघून म्हटलं, "बसले असतील गं विमानात. झोप आता निवांत."

"मग ठीक," ती म्हणाली. आवाज कसा हलका झाला पोरीचा.

अर्ध्या तासाने ह्यांचा फोन. विमान चुकलं होतं.

तपासणीला कोट काढून ट्रेमध्ये ठेवला. यंत्रात सहा पिशव्या पूड दिसली, तीही शिवून बंद केलेल्या खिशांत. कुणाला संशय येणार नाही? ह्यांना बाजूला घेतलं. "खिसे उघडा." उघडणार कशाने, कात्री तर नेता येत नाही. त्यांनी ब्लेड आणलं, तर हे म्हणाले, "थांबा, कापड फाटेल, मी उसवतो." आणि ह्यांचाच तो टाका! नखांनी, पिनेने, एकेक दोरा ओढत बसले. पूड तपासली, बदामच निघाले. तोवर विमानाची शेवटची हाक झाली होती. तपासणीतल्या बाईने कळवळून सांगितलं, "काका, बाकीचे खिसे राहू द्या. कोट सोडा इथेच आणि पळा. मिळेल विमान."

"मग का नाही पळालात?" मी फोनवर ओरडले.

"आठच खिसे राहिले होते," हे म्हणाले. "आणि तू म्हणाली होतीस, एकही वस्तू राहता कामा नये."

मी फोन ठेवला. दुसरं विमान उद्या होतं. भिंगरीला कळवायला हवं होतं, हे मला कळत होतं. दोनदा नंबर काढला. पण मनात आलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोरीला कशाला घोर? सकाळी सांगू. सकाळ झाली आणि वाटलं, आता तर नेतीलच आत, शुद्धीवर येईल तेव्हा बाप समोर असेल, कशाला उगाच? असं स्वतःला समजावत मी तोंडाला कुलूप लावून बसले. ह्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस ना?" मी हूं म्हटलं.

ती ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलीच नाही. हे त्या दिवशीच्या विमानात बसायच्या आधीच तिकडून फोन आला. हे तरीही गेले. अंगात साधा शर्ट, हातात काही नाही. चार दिवसांनी परत आले.

आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले. मी पाणी दिलं ते तसंच हातात धरून म्हणाले, "तिची मैत्रीण सांगत होती. सकाळी सहापासून भिंगरी तिला खाली इस्पितळाच्या फाटकापाशी पाठवत होती. दर पंधरा मिनिटांनी. बाबा पोचले असतील, रस्ता चुकले असतील, बघून ये म्हणायची. डॉक्टरांच्या हातापाया पडून दहाचे अकरा करून घेतले. आत नेताना रडत होती. मैत्रिणीला वाटलं घाबरली. तर म्हणाली, बाबांना वाटेत काहीतरी झालंय, आई माझ्यापासून लपवतेय."

माझी पोर स्वतःच्या मरणाच्या दारात बापाची काळजी करत होती, आणि एका फोनने ती मिटली असती.

"तू सांगितलं नव्हतंस?" हे म्हणाले.

मी मान हलवली. नाही म्हणून.

मला वाटलं आता ओरडतील. मी वाट बघत होते, ओरडा हो, हात उगारा, काहीतरी करा. चाळीस वर्षांत ह्या माणसाने आवाज चढवला नाही, आज तरी चढवा. ह्यांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी तरी कोट सोडून पळायला हवं होतं."

त्याला आता वर्ष होत आलं. दुकान चालू आहे, बोलतातही माझ्याशी. जेवलीस का, दार लाव, उद्या दूध जास्त घे. तिचं नाव मात्र आमच्यात कुणीच काढत नाही.