कॅलेंडरवाली

ऑफिसात तिला सगळे कॅलेंडरवाली म्हणत. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि पेशंटला तारीख-वेळ निवडून देणारं कॅलेंडर हिनं लिहिलेलं. कुणीही उचलावं आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवावं, असा तिचा बेत. त्यात बावीस सेटिंग्ज होत्या. वर्ष उलटलं तरी कुणी त्याला हात लावला नाही. जो तो आपलं वेगळं कॅलेंडर लिहीत बसला.

शेवटी न राहवून तिनं शेजारच्या टीममधल्या आप्पांना विचारलं, "आप्पा, माझं का नाही वापरत तुम्ही?"

"त्याच्याबरोबर तुलाही आणून बसवावं लागतं. त्या बावीस सेटिंग्ज तुझ्याशिवाय कुणाला कळतात?" आप्पा म्हणाले.

बोलणं झोंबलं. पण खुर्ची ओढून ती त्यांच्या मागेच बसली. "आता जोडून दाखवा. मी ब्र काढणार नाही."

आप्पा तासभर चाचपडले. ती ओठ चावत बघत राहिली.

मग तिनं अशी कात्री चालवली की बावीसच्या तीन उरल्या: मोकळ्या वेळा कोणत्या, सुरुवात कधीपासून, आणि निवडलेली वेळ कळवायची कुणाला. काही चुकलं तर काय चुकलं ते कॅलेंडरच साध्या भाषेत सांगू लागलं. साहेब म्हणाले, "डॉक्टरांच्या रजाही त्यातच घाल."

"नाही घालणार. रजेचे नियम दवाखान्यागणिक वेगळे. ते ज्याचे त्यानं बघावेत, याला फक्त मोकळ्या वेळा द्याव्यात."

साहेब आठवडाभर फुगून होते. हळूहळू इतर टीम ते जोडू लागल्या. पुढे नव्या सोयी आल्या, पण आधी जोडलेल्या कुणाचं काही तिनं मोडू दिलं नाही.

सहा वर्षांनी ती आईचे डोळे दाखवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथल्या काउंटरच्या पडद्यावर तेच कॅलेंडर! "माझं," ती आईच्या कानात पुटपुटली.

"बरं चालतं का हो हे?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"कधी अडून बसलं नाही बघा," काउंटरवरची बाई म्हणाली. "कुणी केलंय देव जाणे."

"देव कशाला? माझ्या लेकीनं केलंय!" आईचा आवाज अख्ख्या रांगेनं ऐकला.

"आई, हळू!" तिचे कान लाल झाले, पण मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात माहिती काढली. एकोणीस दवाखान्यांत ते चालू होतं. जोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती ओळखतही नव्हती, आणि काही अडलं म्हणून एकाचाही फोन तिला आला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, कधी नव्हे ती, सगळ्यांना हे सांगत सुटली.