रविवारी न दुखणारं डोकं

चौथ्या डायरीतही तेच वाक्य होतं. ‘अकरानंतर डोकं दुखलं.’ मी तपासायचा लाल पेन खाली ठेवला आणि आधीच्या तीन डायऱ्या पुन्हा उघडल्या. तिन्ही मुलींच्या. तिघींचं डोकं अकराच्या सुमारालाच दुखत होतं.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात शिकवते. ‘व्यक्तिगत आणि सामाजिक आरोग्य’ हा पेपर माझ्याकडे आहे. कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता येतो, म्हणून बरेच जण सोपा समजून घेतात. पहिलं प्रॅक्टिकल म्हणजे दोन आठवड्यांची आरोग्य डायरी. किती झोपलो, काय खाल्लं, पाणी किती प्यायलं, काही दुखलं का. नंतर सगळ्यांच्या डायऱ्या एकत्र करून बघायच्या. एकाचं दुखलं तर तो त्याचा त्रास. पंचवीस जणांचं एकाच वेळी दुखलं, तर कारण बाहेर कुठेतरी असतं. आमचा अख्खा विषय या एका वाक्यात बसतो.

मी वर्गात विचारलं, “मुलींची डोकी अकरालाच का दुखतात? तुम्हीच शोधा.”

पाच मिनिटांत उत्तरं आली. नाश्ता करत नाहीत. मोबाईल जास्त बघतात. रक्त कमी असेल. मुलं मागून म्हणाली, “मॅडम, लेक्चर बोअर असेल.” ते उत्तरही मी फळ्यावर लिहिलं. कुठलंही कारण आधीच खोडायचं नसतं.

मग एकेक तपासत गेलो. आधी डोकेदुखी कशाला म्हणायचं ते ठरवलं. नुसतं जड वाटलं तर नाही, कामात लक्ष लागेनासं झालं तर हो. अशी व्याख्या केली नाही तर प्रत्येक जण आपापल्या मनाने मोजतो. पोहे खाऊन येणाऱ्या मुलींचंही डोकं दुखत होतं, म्हणून नाश्ता बाद. मोबाईल मुलं जास्त बघत होती आणि त्यांचं दुखत नव्हतं. कॉलेजच्या आरोग्य शिबिरात काही मुलींचं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं होतं, त्यामुळे त्या कारणावर माझा भरवसा बसत चालला होता. तेवढ्यात साहिल नावाच्या मुलाने लॅपटॉपवर ग्राफ काढून दाखवला.

“मॅडम, हे डोकं संडेला सुट्टीवर जातंय बघा.”

खरंच. रविवारी जवळपास कुणाचंच दुखलं नव्हतं. रक्त कमी असेल तर ते रविवारीही कमीच असतं. म्हणजे कारण कॉलेजात होतं. पण मुलं आणि मुली त्याच वर्गात, त्याच पंख्याखाली बसत होत्या. मग फरक कुठे?

फरक पाण्याच्या रकान्यात होता. मुलींनी घरचे ग्लास नीट मोजून लिहिले होते. कॉलेजच्या वेळेसमोर बहुतेकींनी रेघ मारली होती.

“तहान नाही लागत मॅडम,” एक जण म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

साडेसात ते एक कॉलेज, डोंबिवलीच्या उकाड्यात, तहान लागत नाही? मी बाटल्यांवर मार्करने पाण्याच्या पातळीची खूण करायला लावली. एक वाजता पाहिलं तर मुलांच्या बाटल्या रिकाम्या होत्या आणि मुलींच्या बहुतेक खुणेपर्यंत भरलेल्या. म्हणजे या मुली घरून पाणी उचलून आणत होत्या आणि तसंच परत नेत होत्या.

कारण विचारलं की पुन्हा तेच, तहान नाही लागत. मला वाटलं, लाजत असतील. आणखी आठवडा गेला आणि त्यात दीक्षा यायची बंद झाली.

दीक्षा विठ्ठलवाडीहून यायची. पहिल्या बाकावर बसणारी, डायरी सगळ्यात नीट लिहिणारी. दहा दिवसांनी तिची आई सर्टिफिकेट घेऊन स्टाफरूममध्ये आली. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात काम करणारी बाई, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली.

“जय भीम मॅडम. लघवीचं इन्फेक्शन होतं, किडनीपर्यंत गेलं. आता घरी आणलीय. पण ऑफिसवाले म्हणतात हजेरी कमी पडते, परीक्षेला बसता येणार नाही.”

“आधी काही त्रास होता का तिला?”

“त्रास असा नाही. पण मी घरी असले की बघते, कॉलेजातून आली की चप्पल न काढता बाथरूमकडे पळते. मी ओरडायचे, अगं दार तरी लाव.”

मी तशीच उठले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, मुलींच्या एकमेव टॉयलेटमध्ये गेले. सांगायला लाज वाटते, पण इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच जात होते. स्टाफचं टॉयलेट वेगळं आहे आणि त्याची चावी माझ्या पर्समध्ये असते. वाटलं होतं, घाण असेल. तर टॉयलेट लखलखीत! सफाईचं काम करणाऱ्या सुमनमावशी तिथेच होत्या.

“मावशी, किती स्वच्छ ठेवलंय हो.”

“मी कसली ठेवते! सुट्टीतली गर्दी सोडली तर दुपारपर्यंत कोरडंच राहतं. तासाला पोरी येतच नाहीत.”

मी आत जाऊन दार लावलं. ते आपोआप उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तीन दारं होती आणि एकाचीही कडी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तासाला फक्त मुलींना थांबवलं. “कडी नाही हे मला का नाही सांगितलंत?”

मयूरी कोळी उभी राहिली. कळव्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, कधी कुणाला न घाबरणारी मुलगी.

“मॅडम, कडीचं काय नाय. दोघी गेल्या की होतं. एक आत, एक दार धरायला. पण वर्गातून दोघींना सोडत नाहीत.”

“मग सुट्टीत?”

“वीस मिन्टं सुट्टी, सगळ्या मजल्यांच्या पोरी आणि तीन दारं. नंबर लागेपर्यंत बेल होते.”

“दोघींना कोण सोडत नाही?”

वर्गात चुळबुळ झाली. मयूरीने एकदा खाली बघितलं, मग सरळ माझ्याकडे.

“तुम्हीच मॅडम. तुम्हीच चालू केलेलं ना ते. एका वेळी एकच.”

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी दोन मुली टॉयलेटला म्हणून गेलेल्या आणि कॅन्टीनमध्ये सापडलेल्या. मी नियम केला, तो बाकीच्या प्राध्यापकांना आवडला आणि माझ्या सहीची नोटीस सगळ्या वर्गांत लागली. आत्ताही ती दाराशेजारी होती. मी फाडून घेतली. मला तहान लागली होती, पण त्या मुलींसमोर बाटली उघडायची मला हिंमत झाली नाही.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मॅडम, डोकेदुखीवर उपाय म्हणून कड्या बसवायच्या?”

“हो सर.”

“अर्ज द्या. कमिटीपुढे ठेवू.”

“आणि दीक्षाची हजेरी?”

“आजारपण तिचं वैयक्तिक आहे हो. कॉलेजचा काय संबंध?”

मी डायऱ्यांचा ग्राफ आणि एक पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. नियम माझा होता, कड्या तुटलेल्या होत्या, त्यामुळे मुली पाणी पीत नव्हत्या आणि अशाने हा आजार बळावतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय. फाइल इन्स्पेक्शनला गेली तर?”

“जाऊ दे सर. खोटं काही नाहीये त्यात.”

त्यांनी पेनाचं टोपण बंद केलं. मग म्हणाले, “पत्र मागे घ्या. मुलीला मेडिकल ग्राउंडवर सवलत देतो.”

“सवलतीवर सही करा सर. पत्र मात्र फाइलला राहू दे. इन्स्पेक्शनला कॉलेजने दखल घेतली असंच दिसेल.”

त्यांनी सही केली. दीक्षा परीक्षेला बसली.

कमिटीची मीटिंग महिनाभर लांब होती. मयूरी म्हणाली, “मॅडम, बाबांबरोबर मी होडीची फळी बसवते. कडी काय चीज आहे?” शनिवारी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन आली, मावशींनी दारं धरली आणि तासाभरात तिन्ही कड्या लागल्या. पुढे कमिटीने त्या कामाला रीतसर मंजुरीही दिली.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा डायऱ्या लिहिल्या. अकराची डोकेदुखी बरीच कमी झाली, गेली मात्र नाही. उरलेल्यांपैकी दोघींना चष्मा लागला, काहींना लोहाच्या गोळ्या. एकीचं कारण अजून सापडलेलं नाही. शोधतोय.

मला मात्र एक गोष्ट सापडली. आरोग्य शिकवणाऱ्या माणसाने तक्रारींची कारणं शोधताना स्वतःच्या सहीचे कागद आधी वाचावेत. वेळ वाचतो.