काम सोडायला सोलापूरला

एक मेल टाकून काम सोडता आलं असतं. पण इतक्या वर्षांत सोबतच्या एकाचाही चेहरा पाहिला नव्हता, म्हणून पुण्याहून सकाळची गाडी पकडून सोलापूरला निघाले.

काम म्हणजे, अंधांसाठी संगणकावरचं मराठी वाचून दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर. कुणीही वापरावं, आतला कोड पाहावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, असं. एकेकाळी आमचा चांगला गोतावळा होता. कुणाला नोकरी लागली, कुणाला मुलं झाली, काही जण न सांगताच गेले. मेलला उत्तर देणारी उरली फक्त सोलापूरची शबाना.

सोलापूरच्या बाजारात, नवी पेठेत जाणार असाल तर अलीकडेच रिक्षा सोडा. गर्दीत ती हलत नाही. मी चालत निघाले. सगळे कुणा ना कुणाबरोबर खरेदीला आलेले. शेंगाचटणी घ्यायला थांबले.

"घरात किती जण हायत?" दुकानदाराने विचारलं.

"मी एकटीच."

त्याने अर्धी चटणी परत डब्यात ओतली.

शबाना पेठेमागच्या गल्लीत राहते. जन्मांध आहे, घरीच अंध मुलींना संगणक शिकवते. "या की, ताई," म्हणत तिने माझा हात धरून आत नेलं. कडक भाकरी आणि झणझणीत वांगं पोटभर खाऊ घातलं. मग मी धीर करून सांगितलं, "मी हे काम थांबवतेय. कुणी ऐकतंय की नाही, तेच कळेनासं झालंय."

ती उठली. मला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. तिथे मुलींचे संगणक वाचत होते. एक आवाज 'आहे'ला चक्क 'हाय' म्हणत होता.

"हे कुणी केलं?"

"आमीच. पोरी म्हनल्या, आपल्यासारखं बोलू दे. अक्कलकोटची एक जण तर त्याला कन्नड शब्द शिकवतीय."

"मला कळवलं नाहीस?"

ती हसली. "विचारायला लागतंय व्हय? तुमीच लिवलंय की, विचारायची गरज न्हाय म्हणून." मग माझा हात दाबून म्हणाली, "लई केलंत. थांबा आता तुमी. हे चालतंय."

ती मला थांबवेल, रडेल, असं वाटलं होतं. परतीच्या गाडीत खिडकीबाहेरची उसाची शेतं अंधारात जाईपर्यंत मी तिचं 'हे चालतंय' मनात घोळवत बसले. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे मी किती जणांना समजावलं होतं. मुक्त म्हणजे माझ्यावाचूनही चालेल असं, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

घरी आल्यावर सगळे अधिकार शबानाच्या नावावर केले. "मिळालं, ताई," एवढंच उत्तर आलं. नंतर बराच वेळ मेल उघडून बसले होते, नवा एकही आला नाही. कुणाचंही काही अडलं नव्हतं.