उलट्या हत्तीचा सदरा

एका सिनेमात माझा सदरा आहे. मी नाही, सदराच. आणि तो दिसतोही चांगला. शेवटी त्यातलं पोर बांधावरून निघून जातं तेव्हा पडदाभर त्याची पाठच असते, आणि त्या पाठीवर एक हत्ती असतो, पाय वर, सोंड खाली. टीव्हीवर तो सिनेमा लागला की बायको डोळे पुसते, मुलं हाका मारतात, "बाबा, तुमचा हत्ती आला," आणि मी चहा ठेवायला उठतो. गरिबीचे सिनेमे मला बसून बघवत नाहीत. गरिबी मी बघितलेली आहे. तिच्यात एवढी सारंगी वाजत नव्हती.

माझा बाप मुंबईला कापडगिरणीत होता. आई मी रांगत असतानाच गेली, म्हणून बापानं मला गावी धाकट्या भावाकडे ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर. घोंगडी फळीवर ठेवतात तसं. चुलता वाईट माणूस नव्हता. वाईट वागायला आधी समोरच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि तेवढी सवड त्याला नव्हती. त्याची पोरं पौडला शाळेत जायची, मी म्हशींमागे जायचो. म्हशींना नावं होती. मला "ए" म्हणायचे.

एका शिमग्याला बाप आला तो गिरणीतला कापडाचा तुकडा घेऊन. ताग्याच्या टोकाचा तुकडा, त्यामुळे त्याच्यावर गिरणीचा छाप होता, निळ्या शाईतला हत्ती. शिंप्यानं तो तुकडा असा फिरवला, तसा फिरवला, पण कापड पुरेना. शेवटी कसाबसा सदरा बसला तेव्हा हत्ती पाठीवर आला होता, आणि उलटा.

"ऱ्हाऊ द्या वो," शिंपी म्हणाला. "दोन धुण्यात जातुया त्यो."

शिंपी खोटं बोलत नव्हता. फक्त हत्ती जायला सदरा धुवावा लागतो. आमच्या घरी हत्तीला कसलीच भीती नव्हती. पावसात भिजून तो जरा फिका झाला, सदरा फाटत गेला, पण हत्ती जागचा हलला नाही. गावातली पोरं मला "उलट्या हत्ती" म्हणू लागली. "ए"पेक्षा बरं म्हणून मी ओ द्यायचो.

बापाला सिनेमाचा नाद होता. गावी आला की संध्याकाळी देवळापुढं बसून तो अख्खा सिनेमा सांगायचा, मारामारीसकट. मला तो वेगळं असं काही बोलायचा नाही, पण ऐकणाऱ्यांत मी असायचो. आमची ओळख तेवढी. त्यानंतरचे दोन शिमगे तो आलाच नाही. रजा मिळत नाही, असा निरोप यायचा.

अशात गावात मोटारी आल्या. गरीब पोराचा सिनेमा काढायचा होता, म्हणून बऱ्याच मोटारी लागल्या. त्यातले मुख्य साहेब पुण्याचे, जाड चष्म्याचे. नदीवर मी म्हशी धूत होतो. साहेब काठावर थांबले, माझ्याभोवती एक चक्कर मारली, हत्तीपाशी जरा रेंगाळले आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "हे बघा. हे शोधून सापडत नाही." मग माझ्यापुढं वाकून म्हणाले, "बाळ, उद्या सकाळी ये. अगदी असाच ये हं."

बाळ. मी मागं वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

त्या रात्री मला झोप नव्हती. सिनेमात जाऊन नाव काढावं असलं काही डोक्यात नव्हतं. माझा हिशेब साधा होता. बाप गावाला येत नाही, पण सिनेमाला जातो. मग मीच सिनेमात गेलो तर बापाला मला बघावंच लागेल. तिकीट काढून बघेल.

पण "असाच ये" हा निरोप चुलत्यानं ऐकला आणि त्याला घाम फुटला. आपल्या घरचं पोर असल्या अवतारात मुंबई-पुण्याला दिसणार? भावकी काय म्हणेल? इतकी वर्षं भावकी रोज बघत होती आणि काही म्हणत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पहाटेच चुलतीनं हंडाभर पाणी तापवलं. मला दगडावर बसवून कपड्याच्या साबणानं आणि टाचा घासायच्या वजरीनं असं घासलं की खालून निराळाच पोरगा निघाला. न्हाव्याला बोलावून डोकं साफ केलं, वर तेल थापलं. चुलत भावाचे कपडे आले, तांब्यात निखारे घालून त्यांना इस्त्री झाली. शेजारणीनं पावडर आणली.

"डोळ्यात काजळ घालू का?" तिनं विचारलं.

"घाल की," चुलती म्हणाली. "पुन्यांदा कवा घालायचंय."

मला लई गोड वाटलं, हे कबूल करतो. इतके हात एका वेळी माझ्या अंगाला कधी लागले नव्हते. म्हशीला पोळ्याच्या बैलासारखं सजवलं तर ती जेवढी शहाणपणानं उभी राहील, तेवढ्याच शहाणपणानं मी उभा होतो.

चुलता मला हाताला धरून मिरवत घेऊन गेला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा कोण?"

"आपलाच पोरगा, सायेब. काल तुमी निवडल्याला."

"अहो पण हे काय करून ठेवलंत?"

"आंगूळ घातली," चुलता अभिमानानं म्हणाला.

साहेबांच्या माणसांनी मला मातीत लोळवून बघितलं. काजळ गालावर ओढलं. काही जमेना. डोकं असं चकाकत होतं की कॅमेरावाला म्हणाला, उजेड मारतोय. साहेब हताश झाले. "परत होता तसा व्हायला याला किती दिवस लागतील?"

"सा म्हैनं तरी लागतील," चुलती पदराआडून म्हणाली. तिला अनुभव होता.

तर अशा रीतीनं, आबाळ झालेल्या पोराच्या कामाला मी नालायक ठरलो. कारण माझ्याकडे लक्ष दिलं गेलं होतं. जन्मात एकदाच दिलं गेलं, आणि मुहूर्त हा असा.

अडीनडीला म्हणून पुण्याचा एक पोरगा त्यांनी आईसकट आणलेला होता. गोरा, गुबगुबीत. त्याला राख फासली. मग साहेबांना आठवण झाली. "याचा तो सदरा कुठाय?"

सदरा सकाळपासून म्हशीची कास पुसायला लागला होता. चुलत्यानं तो पळत जाऊन आणला आणि साहेबांच्या हातात दिला. त्यांनी बदल्यात चहाचा पुडा दिला, तो चुलत्यानं दोन्ही हातांनी घेतला. पुण्याच्या पोरानं सदऱ्यात डोकं घातलं आणि तो तिथंच भोकाड पसरून रडायला लागला.

"वा," साहेब म्हणाले. "छान रडतोय. घ्या, घ्या."

पुढं काही दिवस गाव कामधंदा सोडून ते बघायला जमायचं. सिनेमातला बाप दारू पिऊन त्या पोराला पट्ट्यानं मारायचा, म्हणजे पट्टा जमिनीवर आपटायचा आणि पोरगं ओरडायचं. जेवणाच्या सुट्टीत तेच पोरगं आईच्या हातून शिरा खायचं. चुलती हे सगळं बघून पदर डोळ्याला लावायची. "काय दशा केलीया गं लेकराची," शेजारणीला म्हणायची. आणि मी दिसलो की, "तू हितं काय करतुयास? म्हसरं काय तुजा बा सोडनार?"

बाप ते करणार नव्हता, हे मलाही माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळीच चुलत भावाचे कपडे परत गेले होते. सदरा मोटारींबरोबर गेला. मी पोत्याची खोळ पांघरून हिंडू लागलो, आणि ती माझ्यावर इतकी शोभायची की साहेब परत आले असते तर पायाच पडले असते. पण ते आले नाहीत.

वर्ष होऊन गेलं. भाताची झोडणी चालली होती. चुलता खळ्यात पेंढ्या आपटत होता, मी त्या उचलून देत होतो, उघडाच. बांधावरून एक माणूस तरातरा येताना दिसला. हातात पिशवी नाही, काही नाही. बाप.

"माज्या पोराचा सदरा कुटं हाय?" बांधावरूनच त्यानं विचारलं.

चुलता गडबडला. "दादा, आदी पानी तर घे."

"पानी ऱ्हाऊ दे. सदरा कुटं हाय?"

"त्यो व्हय. त्यो सिनेमात गेला."

"ते ठावं हाय मला. थेटरात बगितला म्या. पैल्यांदा नुसती पाटच दिसती. हत्ती बगितला आन् हुबाच ऱ्हायलो. मागचं लोक म्हनत्यात, खाली बस. मला काय सुदरंना. आन् पोरगं वळलं, तर त्वांड दुसऱ्याचंच."

म्हणजे माझं तोंड त्याच्या ध्यानात होतं. मला ही बातमी नवीन होती.

बापाचा आवाज मग खाली आला. "गेलेल्या मानसाचीच कापडं वाटत्यात रं. पोरगं गेलं आन् मला कळवलं बी न्हाई, तसं वाटलं मला. सरळ यष्टीत बसलो."

चुलत्यानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "कुटं गेलंय? ह्यो काय हुबा हितं."

बापानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. थेटरात मी असतो तर एवढं बघितलं असतं का, कोण जाणे.

"उगडा का ह्यो?" त्यानं विचारलं.

"सदरा सिनेमात गेला न्हवं," चुलता म्हणाला. आपण सगळा खुलासा केला आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग भांडण झालं, ते साग्रसंगीत झालं. चुलतीनं मध्ये पडून चहा केला. पाव्हण्यांसाठी जपून ठेवलेल्या पुड्यातला, त्या साहेबांच्याच. बाप फुंकर मारत प्यायला आणि म्हणाला, "च्या बरा हाय." संध्याकाळी देवळापुढं माणसं जमली, सिनेमा सांग म्हणाली. त्यानं सांगितला नाही.

सकाळी निघताना त्यानं मला हाक मारली. "ए. पाट फिरीव."

मी पाठ केली. त्यानं एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकली, मग मानेपासून कमरेपर्यंत. बोटं खरखरीत होती, गार होती. माप कुठं लिहून घेतलं नाही. नुसता पुटपुटत पौडच्या रस्त्याला लागला.

पुढं कोणाच्या तरी हाती सदरा आला, मुंबईच्या शिंप्यानं शिवलेला. मला चांगलाच ढगळ होत होता. बापाची वीत मोठी, की त्यानं मला मोठा धरला, ते काही कळलं नाही. पाठीवर हत्ती होता, सरळ, चारी पाय जमिनीवर.

"आन हिकडं," चुलती म्हणाली. "धुऊन टाकते."

मी दिला नाही.